ब्रेशाचे काका

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दुसरं सांगतो ते हे, की रजेसाठी मी कधी खोटं बोललो नाही. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत रजेच्या फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना होता आणि तो भरण्यासाठी माझे सहकारी वर्षातून दोनदा आजी मारायचे. एकाची आजी माझ्यादेखत चार वेळा गेली, आणि दिवाळीला डबाभर करंज्या घेऊन ऑफिसात आली. मी असलं काही केलं नाही. आता खरं बघायला गेलं तर मी रजाच मागितली नाही, पण ते मी सहसा सांगत नाही.

लग्नाला तेवढे चार दिवस घेतले होते. पाचव्या दिवशी पिवळ्या नखांनी कीबोर्डवर हजर. मधुचंद्र म्हणून तुळजापूर झालं. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत, सोबत आई, आत्या आणि आत्याची जाऊ. पुढे आयर्लंडला आलो, त्याला सात वर्षं झाली. इथे रजा भरपूर, पण ती सगळी गावी, बार्शीला जाते. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, बँकेतली सही जुळत नाही. बायको एकदा जेवताना म्हणाली, “अकरा वर्षांत आपण नुसतं फिरायला कुठे गेलो? एक नाव सांगा.”

“मोहरचे कडे. समुद्रावरचे.”

“ती तुमच्या ऑफिसची सहल होती. धुकं होतं. मी फक्त तुमच्या सायबाची पाठ बघितली.”

त्यामुळे कंपनीनं मला तीन दिवस इटलीत ब्रेशाला पाठवायचं ठरवलं तेव्हा तिनं नकाशा उघडला. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करते, आणि ब्रेशाजवळ एका मोठ्या चीजच्या गोदामात ते बसवायचं होतं. ब्रेशापासून गार्डा सरोवर रेल्वेनं अर्ध्या तासावर. सोमवार ते बुधवार कंपनीचं काम, गुरुवार ते रविवार आपले. बायको आमच्या घराजवळच टॅलाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. तिनं तिच्या ड्युट्या तिघींशी अदलाबदल करून सोडवल्या, व्हिसा केला, मुलीला आमच्या क्लोनडॉकिनमधल्याच मैत्रिणीकडे ठेवायचं ठरवलं आणि बुधवार संध्याकाळचं तिकीट काढलं. एक पांढरी हॅट आणली. माझ्याकडे एकच काम होतं, दोन दिवसांची रजा मागायचं.

आमची मॅनेजर ट्रली गावची, आयर्लंडच्या पार दुसऱ्या टोकाची. केरीकडची बाई, बोलायला मोकळी. मी तिच्यासमोर जाऊन बसलो तेव्हा ती डेस्कवरच सँडविच खात होती. मी म्हटलं, “मला ब्रेशाला गुरुवार-शुक्रवार थांबायचं होतं.” ती घास चावत होती, एवढंच. इथल्या माणसानं तेवढ्यात पाय पसरून हवापाण्यावर गप्पा मारल्या असत्या. मला मात्र ती शांतता फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्यासारखी दिसायला लागली.

“माझे एक काका असतात तिथे,” मी म्हणालो.

तिचा घास अजून संपला नव्हता.

“आजारी आहेत.”

तिनं सँडविच खाली ठेवलं. “फार?”

“हॉस्पिटलात आहेत.”

“भारतातले काका, आणि ब्रेशाला?”

“आपले लोक खूप आहेत तिकडे. गाईंच्या गोठ्यांवर काम करतात.” हे शंभर टक्के खरं होतं. फक्त ते लोक पंजाबचे आहेत, आणि त्यातलं माझ्या ओळखीचं कुणी नाही.

मला वाटलं होतं, ती शंका घेईल, मग मी थोडा रागावेन, आणि आमची देवाणघेवाण पूर्ण होईल. पुण्यात सहकाऱ्यांचं तसंच चालायचं. पण केरीच्या माणसाला आजारपण सांगू नये. तिचे डोळे पाणावले. रजा तुझ्या खात्यातून मी कापणारच नाही, म्हणाली. घरच्या आजारपणासाठी देतात ती वेगळी देते. मी म्हणालो, नाही, माझ्या हक्काची रजाच लावा. तिला ते फार थोर वाटलं. मग तिनं विचारलं, “नाव काय त्यांचं? माझी आई ट्रलीला चर्चमध्ये त्यांच्यासाठी मास सांगेल.” मास म्हणजे त्यांची पूजा. त्यात पाद्री आजारी माणसाचं नाव घेतो, जमलेले लोक प्रार्थना करतात, आणि तसं एक सही केलेलं कार्ड घरच्यांना देतात.

त्या क्षणी माझ्या डोक्यात पुरुषाचं एकच नाव शिल्लक राहिलं होतं. मी अण्णांचं नाव दिलं. अण्णा म्हणजे माझे वडील. बार्शीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं हमाली केलेला माणूस, आज बहात्तरीत, सकाळी चार किलोमीटर चालून येणारा.

घरी सांगितलं तेव्हा बायको प्रेसमध्ये डाळींचे डबे लावत होती. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलोय. ती डबा हातात धरून वळली.

“मामंजींना आजारी पाडलंत?”

“अण्णांना नाही. काकांना.”

“नाव कुणाचं दिलं?”

“अण्णांचं.”

“मग कोण आजारी आहे?”

मी एक डबा उचलून प्रेसमध्ये ठेवला. ती म्हणाली, “उद्या जाऊन सांगा, फिरायला जायचंय म्हणून. ती काय खाणार आहे का तुम्हाला?” मी म्हटलं, सांगतो. त्या उद्याचे चार दिवस झाले, तोवर मॅनेजरनं स्वतः येऊन ट्रलीहून टपालानं आलेलं एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत कार्ड होतं, निळ्या कडेचं. आतल्या बाजूला तिच्या आईच्या थरथरत्या अक्षरात अण्णांचं नाव. खाली पाद्र्याची सही. आता त्या सहीला काय सांगायचं? मी ते लॅपटॉपच्या बॅगेत टाकलं आणि इटलीला गेलो.

काम उत्तम झालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पण झालं. गोदामाचं ऑफिस एक पन्नाशीची बाई सांभाळायची. तोडकं पण ठाम इंग्रजी, गळ्यात चष्मा, सगळ्या ड्रायव्हरांवर हुकमत. बुधवारी निघताना तिनं माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. मला वाटलं, सॉफ्टवेअर आवडलेलं दिसतंय.

बुधवारी संध्याकाळी बायको बर्गामोच्या विमानतळावरून बसनं आली. आम्ही पिझ्झा खाल्ला, सकाळी नऊ सत्तावीसची गाडी ठरवली. गुरुवारी मी आधी खाली नाश्त्याला गेलो, तर हॉटेलच्या लॉबीत गोदामातली ती बाई उभी. हातात गाडीची किल्ली.

“तुमच्या मॅनेजरची मेल आली होती,” ती म्हणाली. “मी आज अर्धा दिवस घेतलाय. चला, हॉस्पिटलला सोडते. बस दोनदा बदलावी लागते.”

“नाही नाही, कशाला त्रास...”

“त्रास? काका आजारी आहेत आणि तुम्ही बस शोधणार?”

दुष्ट माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येतं. मी म्हटलेलं आहे, साहेबांनाही म्हटलंय. पण भल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं शिक्षण आमच्या कॉलेजात नव्हतं. मी बायकोला मेसेज केला: बाई न्यायला आलीय, हॉस्पिटलला जावं लागतंय, तू पण चल, सून म्हणून. उलट उत्तर आलं: “मी येणार नाही. मी त्यांना ओळखत नाही.”

दोन मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं आणि पांढऱ्या हॅटमधली माझी बायको बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाईला मात्र छान हसून “बॉनजोर्नो” म्हणाली आणि काचेच्या दारातून निघून गेली. बाईही “बॉनजोर्नो” म्हणाली. नऊ सत्तावीसची गाडी मिळाली असणार.

हॉस्पिटलच्या खाली कॉफीचं दुकान होतं. बाई तिथे बसली. “हवा तेवढा वेळ घ्या,” म्हणाली. मी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो, कारण तिसरा मजला खरा वाटतो. तिथे एका ओपीडीच्या बाहेर खुर्च्या होत्या. एकीवर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला इटालियनमध्ये काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्यांनीही हलवली. नर्सनं येऊन माझ्याकडे नंबर आहे का बघितलं. नव्हता. मी दोन तास तिथे बसलो. गार्डा सरोवर अर्ध्या तासावर होतं. खिशात फोन सारखा थरथरत होता. बायको एकेक फोटो पाठवत होती: पाण्यात उभा असलेला किल्ला, एक बदक, लिंबाचं आइस्क्रीम, हॅटची सावली. खाली मजकूर: “काकांना माझा नमस्कार.”

खाली आलो तर बाईनं विचारलं, “कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“खातात का काही?”

इथे मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण आजारी माणूस खातो असं सांगणं मला पटेना; खोट्यातही एक रीत असते. “फारसं नाही,” मी म्हणालो.

संध्याकाळी बायको आली ती नाक लाल करून. तिनं सगळं सांगितलं, बोट कुठून सुटते, कुठल्या बाजूला बसायचं, कुठल्या दुकानात माणूस बरा आहे. मी ऐकत होतो. मग मी म्हटलं, “उद्या नक्की.” ती म्हणाली, “बघू तुमचे काका काय म्हणतात.”

शुक्रवारी साडेआठला बाई पुन्हा लॉबीत. या वेळी हातात टॉवेलात गुंडाळलेली मोठी बरणी. तिच्या आईनं, वय शहाऐंशी, पहाटे उठून कोंबडीचं सूप उकळलं होतं आणि त्यात हातानं केलेले छोटे छोटे भरलेले पास्त्याचे तुकडे सोडले होते. “आईनं सांगितलंय, गरम असतानाच द्या,” बाई म्हणाली आणि बरणी माझ्या मांडीवर ठेवून गाडी सुरू केली.

बरणी खरंच गरम होती. टॉवेलातून मांडी भाजत होती. ट्रलीला एक आई, इथे दुसरी, आणि दोघी ज्या माणसासाठी खपत होत्या तो बार्शीत तेव्हा जेवून आडवा झाला असणार. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिनं गाडी लावली आणि मी म्हणालो, “मला काका नाहीत.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “गेले?”

“नाही. नव्हतेच.”

तिनं इंजिन बंद केलं. “काल तुम्ही दोन तास वर होतात.”

“खुर्चीत बसलो होतो.”

“का?”

“खाली तुम्ही थांबला होतात म्हणून.”

यावर ती इटालियनमध्ये जे बोलली ते मला कळलं नाही, पण त्यात माझी बाजू नव्हती. मग तिनं चष्मा काढून स्टिअरिंगवर ठेवला. “मला नीट सांगा. काका का लागले?”

“दोन दिवस रजा हवी होती. बायकोला सरोवर दाखवायचं होतं. आम्ही कधी कुठे गेलो नाही.”

“मग हे सांगायचं! सरोवरासाठी रजा हवी, सांगायचं! तुमच्याकडे सरोवर बघायला आजारी पडावं लागतं?”

“आमच्याकडे काही कारण लागतं.”

“बायको कुठे आहे?”

“काल तुम्ही तिला बॉनजोर्नो म्हणालात.”

तिनं बोटानं डोक्याभोवती गोल काढला. “हॅट?”

“हॅट.”

मग ती हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, चष्मा खाली पडला, तो मी उचलून दिला. हसून झाल्यावर पुन्हा रागावली. “आणि हे कोण खाणार? आईला मी काय सांगू? ती पाचला उठली.” मग तिनंच बरणी उघडली. झाकणात ओतून आधी मला दिलं, मग स्वतः घेतलं. आम्ही दोघांनी गाडीत बसून, आळीपाळीनं, ती अख्खी बरणी संपवली. इतकं चांगलं सूप मी त्याआधी किंवा त्यानंतर प्यायलेलो नाही, आणि ते चोरीचं होतं हेही मी विसरत नाही.

“आता तुमच्या मॅनेजरला लिहा,” ती म्हणाली. “मला तिला उत्तर द्यायचंय, आणि मी खोटं लिहिणार नाही. मी थांबते.”

मी लिहिलं. सात वेळा लिहून सहा वेळा पुसलं. शेवटी एवढंच राहिलं: काका नाहीत, बायकोबरोबर फिरायचं होतं, चूक माझी, रजा कापा. उत्तर दोन मिनिटांत आलं. “ग्रँड. कापली.” बस. मला वाटलं होतं नोकरी जाते की काय, आणि तिथे दोन शब्द. आयरिश माणसाचं ‘ग्रँड’ म्हणजे ‘ठीक आहे’, पण त्यात नक्की किती राग, हे सात वर्षांत मला कळलेलं नाही. मग दुसरा मेसेज आला: “पण माझी आई रोज मेणबत्ती लावतेय. तो माणूस कोण मग?”

“माझे वडील.”

“त्यांना काय झालंय?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. “गुडघे दुखतात.”

“मग चालू राहू दे. गुडघ्यांसाठी. आणि पुढच्या वेळी नुसतं म्हण, रजा हवी.”

बाईनं वाचून मान डोलावली, जणू दोन सरकारांमधला करार तिच्यासमोर झाला होता. मी उतावीळपणे बायकोला मेसेज केला: सगळं खरं सांगून टाकलं, मोकळा झालो, कुठे आहेस, येतो. उत्तर आलं: “वेरोनाच्या गाडीत. तिकीट काढलंय. संध्याकाळी भेटू.”

म्हणजे शुक्रवारी मी खरं बोललो, रजाही रीतसर झाली, आणि दिवसभर हॉटेलच्या खोलीत एकटा बसून सॉफ्टवेअरचा अहवाल लिहिला.

रात्री जेवताना मी म्हटलं, “उद्या सरोवर.”

“उद्या नाही. उद्या मला तुमचं गोदाम बघायचंय.”

“काय?”

“संध्याकाळी खाली ती बाई भेटली. मुद्दाम आली होती मला बघायला. म्हणाली, शनिवारी सकाळी उघडून दाखवते. अकरा वर्षं तुम्ही ‘कामाला जातो’ म्हणून जाता. मी तुमचं काम कधी बघितलं नाही. माझ्या लॅबमध्ये तुम्ही दोनदा आलायत.”

मी समजावलं, की ते बघण्यासारखं नसतं. ती म्हणाली, “सरोवराबद्दल तुम्हाला काही सांगता येईल का? गोदामाबद्दल येईल. मग?”

तर ज्या कामातून दोन दिवस सुटण्यासाठी मी एवढा घाट घातला, त्याच कामावर शनिवारी सकाळी सुट्टीच्या कपड्यांत हजर झालो. गोदामात छतापर्यंत लाकडी फळ्या आणि त्यांवर गाडीच्या चाकाएवढ्या चीजच्या चकत्या, हजारोंनी. गार हवा, वास असा की बायकोनं आधी ओढणी नाकाला लावली आणि मग काढून मुद्दाम हुंगला. मी एका चकतीवर स्कॅनर धरला. टिंग वाजलं. पडद्यावर तिचा जन्म, वजन, वय, जागा सगळं आलं.

“हे तुम्ही केलंत?”

“आमच्या टीमनं.”

“टिंग कुणी केलं?”

“टिंग मी.”

तिनं मग दहा-बारा वेळा टिंग केलं. बाई मागे उभी राहून बघत होती. बायकोला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. बार्शीत दुपार होती. अण्णांनी डोळे बारीक करून पडद्यात बघितलं.

“हे काय रं? ढेपा गुळाच्या?”

“चीज आहे अण्णा. दुधाचं.”

“एकाचं वजन किती?”

“चाळीस किलो.”

“उचलतं कोण?”

“यंत्र.”

“हूं.” अण्णांनी त्या फळ्यांवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, चाळीस वर्षांच्या हिशोबी नजरेनं. “थप्पी झकास लावलीय. पण आज शनिवार ना तिकडं? तुमी तर फिरायला गेलता म्हणं?”

“हो, फिरायलाच आलोय.” पहिल्यांदाच मी हे वाक्य घरच्यांसमोर पूर्ण उच्चारलं.

“फिरायला आलाय आन् गोदामात काय करतोयस? सूनबाई, ह्याला भाईर काढ.” आणि मग, “गुडघं आज जरा बरं हायती बरं का,” असंही म्हणाले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

राहिला रविवार. विमान संध्याकाळचं होतं, म्हणजे हातात चार-पाच तास. सरोवराकाठच्या देसेन्झानोला गाडीतून उतरल्यावर बायको माझ्यापुढे चालायला लागली, आणि मी बॅगा घेऊन मागे. तिनंच तिकिटं काढली, तिनंच बोटीत डावी बाजू धरली, “उजवीकडे ऊन लागतं.” किल्ला आला तर म्हणाली, हा किल्ला. बदकं आली तर म्हणाली, ही गुरुवारची नाहीत, ती मोठी होती. मी सगळं पहिल्यांदा बघत होतो आणि ती मला दाखवत होती. ठरवलं होतं ते नेमकं उलटं.

पाणी खरंच निळं होतं. फोटोत वाटतं त्यापेक्षा जास्त. मी विचारलं, “एकटीला कंटाळा नाही आला?”

तिनं हॅट काढून मांडीवर ठेवली. “पहिल्या दिवशी आला. दुपारपर्यंत तुमचा इतका राग आला की आइस्क्रीम दोन खाल्ली.”

“आणि वेरोनाला?”

“नाही आला.” ती पाण्याकडे बघत होती. “अजिबात नाही आला. म्हणून तर काल तुमच्याबरोबर गोदामात आले आणि आज तुम्हाला इथे आणलं. अजून एक दिवस एकटी फिरले असते, तर मला सवय लागली असती.”

मी तिच्याकडे थोडा सरकून बसलो. डावीकडेही ऊन यायला लागलं होतं, पण तिनं जागा बदलली नाही, आणि मीही नाही.